संगणकाच्या हिशेबांतील युक्त्या आणि त्यांचीं नांवें

आपल्या घरांत पंचाहत्तरी ओलांडलेलें कोणी वडील माणूस असेल तर त्यांस आज सायंकाळीं एवढेंच विचारून पाहा कीं, रुपयाचे आणे किती? १९५७ सालीं आपल्या देशांत दशमान नाणीं सुरू झालीं. त्यापूर्वीं रुपयाचे सोळा आणे होत. अर्धा रुपया ती अधेली, अधेलीच्या निम्मी पावली, पावलीच्या निम्मी चवली, आणि चवलीचा निम्मा तो आणा. म्हणजे आठ, चार, दोन, एक. भुसावळच्या बाजारांत भाजी घ्यावयास येणारी, शाळेचें तोंडहि न पाहिलेली आजीबाई या चार नाण्यांतून, प्रत्येक प्रकारचें नाणें फार तर एकदां घेऊन, एकापासून पंधरा आण्यांपर्यंत कोणतीहि रक्कम उभी करीत असे. तेरा आणे म्हणजे एक अधेली, एक पावली व एक आणा. चवली नाहीं.

संगणक आपला हिशेब नेमका असाच ठेवितो. त्याच्या पिशवींत प्रत्येक नाण्यास एक खण असतो. नाणें असेल तर १ आणि नसेल तर ०. याखेरीज तिसरी गोष्ट त्यास ठाऊक नाहीं. तेरा ही रक्कम तो ११०१ अशी मांडितो. अशा एका खणास बिट म्हणतात. चारच खण असतात असें मात्र नव्हे. बत्तीस किंवा चौसष्ट असतात, आणि प्रत्येक खण शेजारच्या खणाच्या दुप्पट मोलाचा असतो.

आतां संगणक सुरू होतांच जी मूळ प्रणाली जागी होते, स्मृतीची जागा कोणास किती द्यावयाची व कोणाचें काम आधीं चालावयाचें याचा कारभार पाहते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. लिनक्स ही अशीच एक प्रणाली. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें ती लिहावयास घेतली, आणि आज पालकांच्या खिशांतील अँड्रॉइड फोनच्या मुळाशींहि तीच आहे. ही प्रणाली कोणीहि उघडून वाचूं शकतो. मात्र वाचावयास बसलेल्या नवशिक्याची पहिली गांठ पडते ती युक्त्यांशीं.

एक प्रसिद्ध युक्ति पाहूं. प्रणालीस वारंवार एक प्रश्न पडतो: ही रक्कम एकाच नाण्याची आहे काय? म्हणजे संख्या १, २, ४, ८, १६ अशा दुपटीच्या मालिकेंतील आहे काय? स्मृतीचे तुकडे बहुधा याच मापांनीं पाडितात, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. जुने जाणते लोक त्याचें उत्तर एका ओळींत काढीत: न & (न − १). मधल्या चिन्हाचा अर्थ असा कीं, दोन पिशव्या शेजारीं ठेवाव्या आणि दोहोंतहि असलेलीं नाणीं तेवढीं वेचावीं. आठ आणे घ्या. एक वजा केल्यास सात, म्हणजे पावली, चवली व आणा. अधेलीशीं यांतील कांहींच जुळत नाहीं. हातांत शून्य उरलें, म्हणून आठ हें एकच नाणें. आतां बारा घ्या: अधेली व पावली. एक वजा केल्यास अकरा: अधेली, चवली व आणा. अधेली दोहोंत आहे. हातांत कांहीं उरलें, म्हणून बारा हें एक नाणें नव्हे. युक्ति सुंदर आहे यांत शंका नाहीं. प्रथम उलगडली तेव्हां मला स्वतःस तर एखादी गुरुकिल्ली सांपडल्यासारखा आनंद झाला होता.

परंतु कागदावर ती ओळ एकटी भेटली तर तिचा हेतु काय, हें ती सांगत नाहीं. वाचणाऱ्यानें प्रत्येक वेळीं नाणीं मांडून उत्तर काढावें, मगच पुढें जावें. आणि याहून मोठी गोष्ट अशी कीं, त्या ओळींत एक खोट लपलेली आहे.

ती खोट मला आमच्या एका माजी विद्यार्थ्यामुळें कळली. तो अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांत शिकतो. दिवाळींत भेटावयास आला तेव्हां चेहरा उतरलेला होता. त्यांच्या वर्गास एक्सव्ही-सिक्स नांवाची लहानशी प्रणाली अभ्यासास होती. १९७५ सालच्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा नमुना समोर ठेवून अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेनें २००६ सालीं ती केवळ शिकविण्यासाठीं नव्यानें लिहिली. आपल्याकडे पवईच्या आय. आय. टी. मध्येंहि ती शिकविण्यांत आली आहे. आमच्या विद्यार्थ्यास काम दिलें होतें तें असें: मागेल त्या मापाचे तुकडे एका पानांतून पाडून द्यावयाचे, मात्र माप दुपटीच्या मालिकेंतील असेल तरच. त्यानें वरील युक्ति घातली, आणि ४०९६ या पानाच्या मापास मागितलेल्या मापानें भागून तुकडे किती होतील तें काढलें. सर्व परीक्षा उत्तम उतरल्या. मग कोणी तरी शून्य मापाचा तुकडा मागितला आणि सारी प्रणाली जागच्या जागीं थांबली. त्याच्या दोन रात्री त्यांत गेल्या.

झालें होतें काय? रिकाम्या पिशवींतून एक आणा काढा असें यंत्रास सांगितलें तर तें उधारी मांडीत नाहीं. शून्यावर असलेलें मीटर मागें फिरविलें कीं सगळे नऊ दिसतात ना, तसें येथें सगळे खण भरलेले दिसूं लागतात. आतां एक पिशवी रिकामी व दुसरी गच्च भरलेली. दोहोंत समान असें नाणें कोणतें? एकहि नाहीं. हातांत शून्य उरलें. म्हणून युक्तीनें निर्वाळा दिला कीं, रिकाम्या पिशवींत एकच नाणें आहे! ती परीक्षा पार करून शून्य पुढें गेलें, आणि शून्यानें भागण्याचा प्रसंग आला.

लिनक्स लिहिणाऱ्यांसहि हें ठाऊक होतें. ही परीक्षा प्रणालींत ठिकठिकाणीं, ज्याच्या त्याच्या हातानें लिहिलेली होती. कोणी शून्याची काळजी घेतलेली, कोणी न घेतलेली. २००७ सालीं तिच्यासाठीं एक लहानसें मदतनीस फंक्शन करण्यांत आलें. त्याचें नांव ‘इज पॉवर ऑफ टू’, म्हणजे ‘ही दोनाची घात आहे काय’. त्याच्या पोटांत जुनीच युक्ति आहे. फक्त तिच्या आधीं, संख्या शून्य नाहीं ना, एवढें विचारलेलें आहे. त्यानंतर अनेकांनीं जुन्या ओळी एकेक करून काढिल्या व त्यांच्या जागीं हें नांव घातलें. काम कंटाळवाणें खरें, आणि त्यांत कीर्तीहि फारशी नाहीं. पण आमच्या विद्यार्थ्यानें त्या दिवशीं आपल्या वहींत असेंच एक फंक्शन लिहून घेतलें, तेव्हां त्याचा चेहरा थोडा खुलला.

दुसरें उदाहरण खानदेशांतील मुलांस अधिक जवळचें वाटेल. रावेर-सावद्याकडची केळीं आगगाडीनें रवाना होतात. माल साडेपांच वाघिणी भरेल एवढा असला तरी वाघिणी सहा लागणार. अर्धी वाघीण कोणी जोडीत नाहीं. संगणकाच्या स्मृतीचेंहि तसेंच. पुष्कळ संगणकांवर ती ४०९६ बाइटांच्या पानांनीं वांटिली जाते, आणि ५००० बाइटांचा प्रोग्राम आला तर दोन पानें, म्हणजे ८१९२ बाइट, द्यावे लागतात. असें वरच्या पूर्ण मापापर्यंत नेण्याचीहि एक युक्ति आहे. आण्यांतच पाहा. सहा आणे पूर्ण पावल्यांत वर न्यावयाचे आहेत. तीन मिळवा: नऊ झाले, म्हणजे अधेली व आणा. आतां पावलीहून लहान नाणीं टाकून द्या. उरली अधेली, म्हणजे दोन पूर्ण पावल्या. आठच आणे असते तर? आठ व तीन अकरा. चवली व आणा टाकला कीं पुन्हां आठच. पूर्ण असलेली रक्कम वाढत नाहीं, हीच यांतील खुबी. प्रणाली ४०९५ मिळविते आणि खालचे बारा खण पुसते.

एक्सव्ही-सिक्समध्यें ही युक्ति एकदांच लिहिलेली आहे, आणि तिला ‘पीजी राउंड अप’ असें नांव आहे: पान वरच्या मापास न्या. जेथें जेथें गरज पडते तेथें हें नांव येतें. त्यामुळें वाचणाऱ्याचें लक्ष वाघिणी मोजण्यांत न अडकतां गाडी कोठें चालली आहे इकडे राहतें. शिवाय दुरुस्तीची सोय होते. खालचे खण पुसण्यासाठीं जी संख्या वापरावयाची ती बत्तीस खणांची आणि मूळ रक्कम चौसष्ट खणांची असेल, तर प्रसंगीं वरचे बत्तीस खणहि नकळत पुसले जातात. युक्ति शंभर ठिकाणीं पसरलेली असेल तर ही चूक शंभर ठिकाणीं शोधावी लागेल. एकाच फंक्शनांत असेल तर एकाच ठिकाणीं.

येथें एखादे व्यवहारदक्ष पालक विचारतील कीं, नांवानें हांक मारून काम करून घेण्यांत यंत्राचा वेळ फुकट जात नाहीं काय? जात नाहीं. आपलें लिखाण यंत्राच्या भाषेंत उतरविणारा जो कंपायलर, तो असल्या लहान फंक्शनाचा मजकूर उचलून जागच्या जागीं घालितो. यंत्राच्या हातीं बहुधा तेंच पडतें, जें युक्ति उघडी लिहून पडलें असतें. कधीं तर लाभच होतो. पिशवींत नाणीं किती हें मोजण्यासाठीं जुने लोक दरवेळीं सर्वांत लहान नाणें काढून टाकीत व खेपा मोजीत. अलीकडच्या पुष्कळ प्रोसेसरांत यासाठीं स्वतंत्र आज्ञाच आहे. ज्यांनीं मोजणीस नांव दिलें होतें त्यांनीं पोटांतील मजकूर बदलला, आणि नांव वापरणाऱ्यांस एक अक्षरहि बदलावें लागलें नाहीं.

एवढ्यावरून कोणी असें समजूं नये कीं, प्रत्येक युक्तीस नांव दिलें म्हणजे झालें. ऑगस्ट २०२५ मध्यें याच्या उलट प्रकार घडला. रिस्क-फाइव्ह जातीच्या प्रोसेसरांसाठीं कांहीं नवें लिखाण लिनक्सच्या ६.१७ या आवृत्तींत घालण्यासाठीं आलें होतें. टॉर्व्हाल्ड्स यांनीं तें परत केलें. तें उशिरां आलें हें एक कारण, आणि त्यांतील एक मदतनीस फंक्शन हें दुसरें. सोळा खणांच्या दोन संख्या जोडून बत्तीस खणांची एक करावयाची, एवढेंच त्याचें काम. आणि नांवहि तितकेंच, ‘मेक यू३२ फ्रॉम टू यू१६’. टॉर्व्हाल्ड्स यांची त्या वेळची भाषा शाळेच्या वार्षिकांत छापण्याजोगी नाहीं. मात्र त्यांचा मुद्दा मला पटला. पहिली संख्या सोळा घरें वर सरकवा व दुसरी तींत मिळवा, असें उघड लिहिलें तर वरची कोणती व खालची कोणती तें दिसतें. नांवांत तें दिसत नाहीं. दुकानदारानें सांगावें कीं, ‘पांच आणि बारा यांची रक्कम मांड’. आतां पांच रुपये बारा आणे मांडावयाचे कीं बारा रुपये पांच आणे? या नांवानें वाचणाऱ्याचे कष्ट कमी केले नाहींत. उलट त्यास फंक्शन उघडून पाहावयास लाविलें.

भुसावळसारख्या रेल्वेच्या गांवांत हें समजावून सांगणें अवघड पडूं नये. जुन्या सिग्नल केबिनींत लिव्हरांची रांग असे: थांबण्याच्या सिग्नलाची लिव्हर तांबडी, सांध्यांची काळी, कुलुपाची निळी, आणि प्रत्येकीवर तिचा क्रमांक. केबिनवाला डावीकडून मोजीत बसत नसे. एक्सव्ही-सिक्सच्या स्मृतिपटांतहि प्रत्येक पानाच्या नोंदींत असे खण आहेत: हें पान वाचतां येतें काय, त्यांत लिहितां येतें काय, सामान्य प्रोग्रामास तें उघडें आहे काय. लिहिण्याच्या परवानगीचा खण चार या संख्येनेंहि दाखवितां आला असता. तेथें ‘पीटीई डब्ल्यू’ असें नांव आहे. पण समजा, सर्वच लिव्हरांवर फक्त ‘लिव्हर’ अशी पाटी लाविली असती, तर पाट्या लाविल्याचें समाधान तेवढें मिळालें असतें.

इयत्ता नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठीं एक प्रश्न देतों. न & (न − १) केल्यानें पिशवींतील सर्वांत लहान नाणें निघून जातें; बारा घेतल्यास पावली जाते व अधेली उरते. हें स्वतः चार-पांच रकमा मांडून ताडून पाहावें. मग या क्रियेस एक मराठी नांव द्यावें, असें कीं वर्गांतील ज्या मुलानें हा लेख वाचलेला नाहीं त्यास तें ऐकून उत्तर आधींच सांगतां यावें. आणि नांव ठरल्यावर त्या फंक्शनाच्या हातीं रिकामी पिशवी देऊन तें काय करतें, तेंहि पाहावें.