शेतातला कॅमेरा, मोबाईल स्टार्टर आणि 'ॲडमिन123'

आजचा भाग ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी हा लिखित भाग.

आपल्या अंजनगाव सुर्जीच्या शिवारात काय काय नेटवर्कला जोडलंय बघा. विहिरीवरच्या मोटरीला मोबाईल स्टार्टर, संत्र्याच्या बागेत कॅमेरा, कुठे मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर. यातली प्रत्येक वस्तू म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर. घराला कुलूप लावतो, याला लावतो का?

फेब्रुवारी 2025. राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातले महिलांच्या तपासणीचे व्हिडिओ यूट्यूब आणि टेलिग्रामवर सापडले. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीकडचेही होते. म्हणजे परदेशातली मोठी टोळी वगैरे नाही. आणि बातम्यांनुसार कॅमेऱ्यांचा पासवर्ड काय होता? 'ॲडमिन123'.

हे जमतं कसं? एक प्रोग्राम नेहमीचे पासवर्ड एकामागून एक लावून बघतो. 2016 मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने कंपनीतून आलेले साठेक पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे, राऊटर ताब्यात घेतले. 21 ऑक्टोबरला त्याच फौजेने 'डिन' कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास बंद पडले. मालकांना पत्ताच नाही, कारण कॅमेरा तर नीट चालू होता!

आता अंदाजाचं बघू. सेन्सरचे आकडे पाहून ॲप सांगतं, "उद्या पाणी द्या." पण ॲपला माती दिसत नाही, फक्त आकडे दिसतात. कुणी मध्येच ओली जमीन कोरडी दाखवली, तर ॲप तेवढ्याच खात्रीने पाणी द्यायला सांगेल. आणि मुळाशी पाणी साचलं की डिंक्या आलाच. उलटही होतं. तुमच्या कॅमेऱ्याची महिनाभराची नोंद चोराच्या हाती लागली, तर बागेत कोण कधी नसतं, हा अंदाज त्यालाही येतो.

मग करायचं काय?

- कंपनीचा पासवर्ड आजच बदला. प्रत्येक वस्तूला वेगळा ठेवा.
- कॅमेरा बसवणाऱ्याच्या अकाउंटवर असेल तर तो स्वतःच्या नावावर करून घ्या.
- स्टार्टरमध्ये फक्त घरच्यांचे नंबर ठेवा.
- अपडेट आलं की टाळू नका.
- नवा कॅमेरा घेताना सुरक्षा चाचणीचं सर्टिफिकेट विचारा. 9 एप्रिल 2025 पासून ही चाचणी सक्तीची आहे. जुन्या कॅमेऱ्यांची काळजी मात्र आपल्यालाच घ्यावी लागेल.

आज संध्याकाळी घरी एकच विचारा, "बाबा, स्टार्टरचा पासवर्ड काय हाये?" उत्तर '1234' आलं, तर जेवायच्या आधी बदला. भेटू पुढच्या भागात!