भारतीय डेव्हिस चषक संघ

भारतीय डेव्हिस चषक संघ हा पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सांघिक टेनिस स्पर्धेत भारताचे प्रतिनिधित्व करणारा संघ आहे. भारत १९२१ पासून या स्पर्धेत भाग घेत आला आहे. १९६६, १९७४ आणि १९८७ अशा तीन वर्षी या संघाने उपविजेतेपद मिळवले. अजिंक्यपद मात्र अद्याप मिळालेले नाही. १९७४ मध्ये वर्णभेदाच्या निषेधार्थ भारताने अंतिम लढत खेळण्यास नकार दिला. या स्पर्धेची अंतिम लढत न खेळताच विजेता ठरण्याचा तो एकमेव प्रसंग होय.

स्पर्धेचे स्वरूप

डेव्हिस चषक स्पर्धा १९०० साली अमेरिका आणि ब्रिटन यांच्यातील लढतीने सुरू झाली. अमेरिकन खेळाडू ड्वाइट डेव्हिस यांनी दिलेल्या चषकावरून तिला हे नाव मिळाले. पारंपरिक पद्धतीत दोन देशांमधील लढतीत चार एकेरी व एक दुहेरी असे पाच सामने असतात आणि तीन सामने जिंकणारा देश लढत जिंकतो. १९७१ पर्यंत गतविजेता संघ थेट आव्हान फेरीत खेळत असे. १९७२ पासून ही सवलत बंद झाली.

१९६६ ची अंतिम फेरी

१९६६ मध्ये कोलकाता येथे ब्राझीलविरुद्धची लढत २-२ अशी बरोबरीत असताना रामनाथन कृष्णन यांनी थॉमस कोच यांच्याविरुद्ध पिछाडीवरून विजय मिळवला आणि भारत प्रथमच आव्हान फेरीत पोहोचला. मेलबर्न येथे ऑस्ट्रेलियाने भारताचा ४-१ असा पराभव केला. भारताचा एकमेव विजय कृष्णन व जयदीप मुखर्जी यांनी दुहेरीत मिळवला.

१९७४ ची स्पर्धा

१९७४ च्या संघात विजय व आनंद अमृतराज हे बंधू, जसजित सिंग आणि शशी मेनन हे खेळाडू होते. पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत, कोलकाता येथे, भारताने ऑस्ट्रेलियाला ३-२ असे हरवले. त्या काळी या स्पर्धेत टायब्रेकर नसल्यामुळे सेट लांबत जात. अमृतराज बंधूंनी दुहेरीचा सामना १७-१५, ६-८, ६-३, १६-१८, ६-४ असा जिंकला. या एका सामन्यात ९९ गेम झाले. संपूर्ण लढतीत ३२७ गेम खेळले गेले आणि तो स्पर्धेचा विक्रम ठरला.

उपांत्य लढत पुण्यात झाली. तीत भारताने सोव्हिएत संघावर ३-१ असा विजय मिळवून अंतिम फेरी गाठली. दुसऱ्या उपांत्य लढतीत दक्षिण आफ्रिकेने इटलीला पराभूत केले.

बहिष्कार

दक्षिण आफ्रिकेत त्या वेळी गोऱ्या अल्पसंख्याकांचे सरकार होते व वर्णभेद हे त्याचे अधिकृत धोरण होते. तेथील भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने १९४६ मध्येच संयुक्त राष्ट्रांत मांडला होता आणि त्याच वर्षी त्या देशाशी असलेला व्यापार तोडला होता. याच धोरणामुळे डेव्हिस चषक स्पर्धेतूनही दक्षिण आफ्रिकेला १९७० मध्ये वगळण्यात आले होते; पुढे तिला पुन्हा प्रवेश मिळाला. या पार्श्वभूमीवर भारताने अंतिम लढत न खेळण्याचा निर्णय घेतला आणि चषक दक्षिण आफ्रिकेला मिळाला. तोपर्यंत अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व फ्रान्स या चारच देशांच्या संघांनी ही स्पर्धा जिंकली होती. त्यामुळे पाचवा विजेता देश होण्याची भारताची संधी हुकली.

या निर्णयाची किंमत खेळाडूंना मोजावी लागली. ऑस्ट्रेलियाला नमवणारा हा संघ विजेतेपदापासून एकाच लढतीच्या अंतरावर होता आणि त्यातील जसजित सिंग व शशी मेनन यांना अंतिम फेरी खेळण्याची संधी पुन्हा मिळाली नाही. दुसरीकडे, वर्णभेदी राजवटीला जागतिक क्रीडाक्षेत्रात एकाकी पाडण्याच्या चळवळीतील एक ठळक घटना म्हणून या बहिष्काराची नोंद झाली. विजेतेपद नावावर नसतानाही हे वर्ष भारतीय टेनिसच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते, ते याच कारणाने.

नंतरचा काळ

१९८७ मध्ये विजय अमृतराज व रमेश कृष्णन यांच्या संघाने सिडनी येथे ऑस्ट्रेलियाला ३-२ असे हरवून अंतिम फेरी गाठली. तेथे स्वीडनने भारताचा ५-० असा पराभव केला. १९९३ मध्ये लिअँडर पेस व रमेश कृष्णन यांच्या खेळाच्या बळावर भारताने फ्रान्सला त्यांच्याच भूमीवर नमवून उपांत्य फेरी गाठली.

महाराष्ट्रातील नंदन बाळ, गौरव नाटेकर आणि नितीन कीर्तने यांनी या संघातून देशाचे प्रतिनिधित्व केले आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये पुण्यातील बालेवाडी येथे भारताने न्यूझीलंडला ४-१ असे हरवले. १९७४ च्या संघातील आनंद अमृतराज हे या वेळी न खेळणारे कर्णधार होते. कर्णधार म्हणून त्यांची ही अखेरची लढत ठरली.