रहाटावरून आभाळात

मराठी घरात रहाट, कन्नड घरात राटे. शब्दही भावंडांसारखे! विहिरीवरचे ते चाक आता दुर्मीळ झाले. पण तेच दोरी-कप्पीचे तत्त्व बिनइंजिनाचे विमान आकाशात चढवते, हे किती मुलांना ठाऊक असेल? रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल ग्लायडरला वर नेणाऱ्या या साधनाला 'विंच' म्हणतात.

रचना साधी. मोटारगाडीचा स्टार्टर, १२ व्होल्टची बॅटरी, पायाने दाबायचे बटण आणि दोरीचे रीळ. दोरी लांबवर जमिनीत पक्क्या बसवलेल्या कप्पीला वळसा घालून परत येते. तिच्या टोकाची कडी ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकात अडकवायची. बटण दाबले की दोरी गुंडाळते, विमान पतंगासारखे चढते, आणि कप्पीच्या माथ्यावर आले की कडी सुटते. पुढचा भरवसा तापलेल्या सड्यावरून उठणाऱ्या उष्ण हवेचा.

पेडण्याच्या माझ्या मामांनी १९८० च्या दशकात बाल्सा लाकडाचे असे एक ग्लायडर बांधले होते. ते हाताने दोरी ओढत, पळत उडवायचे. आता वय झाले, पळवत नाही, म्हणून विंच. माझ्या मुलाने धास्तीने विचारले, "आजोबा, मोडले तर?" मामा म्हणाले, "मोडले तर जोडू. माळ्यावर वाळवी लागली, तर जोडायलाही काही उरणार नाही."

धास्ती मात्र खोटी नव्हती. जुने लाकडी पंख हाताच्या ओढीसाठी बेतलेले असतात. बटण दाबून धरले तर ते वाकून मधोमध मोडू शकतात. म्हणून टिचक्या मारल्यासारखे, थांबत थांबत दाबायचे. त्याआधी प्रत्येक सांधा हलकेच वाकवून पाहायचा, सुटलेला डिंक नव्याने भरायचा, जुने रबर आणि रेडिओची बॅटरी बदलायची. हुक गुरुत्वमध्याच्या किंचित पुढे हवा; मागे गेला तर विमान चढताना डावीउजवीकडे भरकटते.

जागेचा प्रश्नही मोठा. पूर्वी पेडण्यातला कुठलाही सडा चालत असे. मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली आणि चित्र बदलले. ड्रोन नियम, २०२१ अशा मॉडेलांनाही लागू आहेत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये मर्यादा २०० फुटांची. त्यापलीकडे, इतर निर्बंध नसतील तिथे, ४०० फूट. म्हणून आम्ही डिचोलीकडचा एक मोकळा माळ निवडला, सरकारी नकाशात तपासला आणि मालकाची संमती घेतली. कप्पी १०० मीटरवरच ठोकली, म्हणजे उंची आपोआप मर्यादेत!

तिसऱ्या टिचकीला पंख थोडे वाकले. मामांनी पाय उचलला, पंख सरळ झाले, विमान चढत राहिले. कडी सुटल्यावर त्यांनी रेडिओ मुलाच्या हातात दिला.

बेळगावकरांनीही सांबऱ्याचे अंतर आधी मोजावे. एनसीसीच्या हवाई शाखेत मॉडेल विमाने शिकवतात. मुलांना तिथे अवश्य पाठवा. आणि घरच्या माळ्यावर एखादे जुने लाकडी विमान पडून असेल, तर ते बांधणारे हात धडधाकट आहेत तोवरच खाली काढा.