पिंपातली शेरी, ग्लासातले मनुके

स्पेनमध्ये एक वाइन बनते, ती कुणी प्यावी अशी अपेक्षाच नसते. अंदालुसियातल्या हेरेझ गावाच्या आसपास ओकच्या नव्याकोऱ्या पिंपांत शेरी भरतात, वर्ष-दोन वर्षं ठेवतात आणि ओतून काढतात. पिंप निघतं स्कॉटलंडला, व्हिस्की मुरवायला. शेरी जाते पुढच्या नव्या पिंपात. अशा फेऱ्या मारून दमली की तिची ब्रँडी होते, नाहीतर व्हिनेगर. गिऱ्हाइकाला पिंप हवं असतं, शेरी निमित्तमात्र!

पूर्वी मामला सरळ होता. शेरी पिंपांतूनच जहाजानं ब्रिटनला यायची. इंग्रजांची ही चटक जुनीच. १५८७ मध्ये फ्रान्सिस ड्रेकनं कादिझ बंदरावर धाड घातली, तेव्हा लुटीत शेरीची सुमारे २९०० पिंपं होती म्हणे. रिकामी पिंपं स्पेनला परत धाडण्यात काय हशील? व्हिस्कीवाल्यांनी ती स्वस्तात उचलली. मग १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करायचा नियम आला आणि हा आयता पुरवठा आटला. तेव्हापासून पिंपं मुद्दाम ‘शेरवून’ घ्यावी लागतात. बोदेगांची, म्हणजे शेरीच्या कोठारांची, स्वतःची जुनी पिंपं? ती त्यांना दशकानुदशकं लागतात. क्वचित एखादं विकलंच, तरी लाकडात फारसा दम उरलेला नसतो.

बरणीचा गुण

लोणच्याची बरणी कितीही घासा, हिंग-मोहरी दरवळतेच. ओकचंही तसंच. पाचशे लिटरचं पिंप रिकामं केलं तरी काही लिटर शेरी लाकडात मुरलेली राहते. पण सगळं श्रेय शेरीला देऊ नका. लवंग-दालचिनीची झाक, तुरटपणा आणि तो तांबूस रंग यांत युरोपियन ओकचा वाटा मोठा. अमेरिकन ओक मवाळ. त्यातून व्हॅनिला आणि नारळाकडे झुकणारी चव येते. शेरीचं एक काम मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. नव्या लाकडाचा उग्रपणा ती व्हिस्कीच्या आधी स्वतः झेलते.

शेवटचे नऊ महिने

आधी एका पिंपात मुरवायची आणि शेवटचा टप्पा दुसऱ्यात, याला ‘फिनिश’ म्हणतात. त्याचं श्रेय बहुतेक जण डेव्हिड स्टुअर्ट यांना देतात. १९६२ मध्ये, सतराव्या वर्षी, ते विल्यम ग्रँट कंपनीत कारकुनीला लागले. पुढे कंपनीच्या बाल्वेनी डिस्टिलरीची व्हिस्की घडवू लागल्यावर त्यांनी साध्या पिंपातला माल शेरीच्या पिंपात हलवून पाहिला. १९९३ मध्ये बाल्वेनी डबलवुड बाजारात आली: बारा वर्षं नेहमीच्या पिंपांत, मग नऊ महिने शेरीच्या. आज हे फिनिश सगळीकडे दिसतं. कुठे त्यानं बहार येते, कुठे सुमार माल झाकला जातो. हे आमचं मत, कुणाला झोंबलं तर झोंबो.

कुठली शेरी, यानंही चव पालटते. ओलोरोसोच्या पिंपातून अक्रोड, संत्र्याची साल, सुकं अंजीर येतं. पेद्रो हिमेनेझची द्राक्षं उन्हात वाळवूनच पिळतात, त्यामुळे तिच्या पिंपातली व्हिस्की गोड आणि काळ्या मनुक्यांची. आयला बेटावरच्या लागावुलिनच्या धुरकट व्हिस्कीला ‘डिस्टिलर्स एडिशन’मध्ये हेच फिनिश देतात. आधी धूर, पाठोपाठ पाक. एरवी मात्र पेद्रो हिमेनेझ जरा जास्तच बोलते, आमचा कौल ओलोरोसोला.

नाक आधी, जीभ मागून

ट्युलिपच्या आकाराचा ग्लास घ्यावा. तोंड किंचित उघडं ठेवून हुंगावं, म्हणजे अल्कोहोल नाकात झोंबत नाही. मग एक छोटा घोट. नंतर पाण्याचे दोन-चार थेंब, आणि पुन्हा नाक. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर मांडून दाखवलं, की पाणी मिसळल्यावर धुरकट वासाचा ग्वायाकॉल द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतो. पाणी घालणाऱ्यांना नाकं मुरडणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

हुंगताना विझलेल्या काडेपेटीच्या काडीसारखा वास आला, तर तो गंधक. रिकामं पिंप खराब होऊ नये म्हणून त्यात गंधकाची वात जाळण्याची रीत आहे, तिचा अवशेष व्हिस्कीत उतरू शकतो. गंमत म्हणजे एकाच टेबलावर एकाला तो असह्य होतो आणि शेजाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. वाद घालून उपयोग नाही.

रंगावर मात्र भाळू नका. स्कॉचमध्ये साधं कॅरॅमल घालायला कायद्यानं मुभा आहे. जर्मनीत ते लेबलवर छापावं लागतं, म्हणून चाणाक्ष मंडळी तिकडची बाटली उलटून बघतात.

देवदूतांची चंगळ

मुरताना दरवर्षी थोडी व्हिस्की हवेत उडते. तो ‘देवदूतांचा वाटा’. थंड स्कॉटलंडमध्ये तो साधारण दोन टक्के. मॅकॅलन या स्कॉच डिस्टिलरीनं १९२६ सालची व्हिस्की साठ वर्षं शेरीच्या पिंपात ठेवली. २६३ क्रमांकाच्या त्या पिंपातून १९८६ मध्ये जेमतेम ४० बाटल्या भरल्या. त्यातली एक नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे २२ लाख पौंडांना गेली, म्हणजे २२ कोटी रुपयांच्या वर.

आपल्या गोव्यात, कुंकळ्ळीला, पॉल जॉनची सिंगल माल्टही ओलोरोसो आणि पेद्रो हिमेनेझच्या पिंपांत मुरते. तिथल्या उकाड्यात ती लवकर तयार होते, पण देवदूतही स्कॉटलंडच्या कितीतरी पट पितात. मॅकॅलनसारखी साठ वर्षं तिथे थांबलात, तर लिलावाला नुसतं पिंपच न्यावं लागेल.