गर्भपाताच्या गोळ्या घेतल्या, पण रक्तस्राव नाही?

पहिली गोळी, म्हणजे मिफेप्रिस्टोन, घेतल्यावर अनेकींना काहीच जाणवत नाही. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. खरा रक्तस्राव 24 ते 48 तासांनी घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलमुळे होतो. बहुधा काही तासांतच सुरू होतो आणि पाळीपेक्षा जास्त असतो.

मिसोप्रोस्टॉलनंतर 24 तास उलटूनही रक्त गेले नाही, किंवा नुसते डाग दिसले, तर गर्भ अजून वाढत असू शकतो. गर्भ गर्भनलिकेत असला, तर या गोळ्यांचा उपयोगच होत नाही आणि जिवावर बेतू शकते. पोटात एका बाजूला तीव्र कळ, खांद्याच्या टोकाशी दुखणे, चक्कर यांपैकी काहीही झाले तर 108 वर फोन करा. सकाळची वाट पाहू नका.

एरवीही त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. मेडिकलमधून आणखी एक पाकीट आणून मनानेच गोळ्या घेऊ नका. लघवीची चाचणी गर्भपात पूर्ण झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येते, त्यामुळे लगेच केली तर ती दिशाभूल करते, सोनोग्राफीच करा. गर्भ राहिला असेल, तर डॉक्टर पुन्हा औषध देतात किंवा गर्भाशय रिकामे करतात. मिसोप्रोस्टॉलमुळे गर्भात व्यंग येण्याचा धोका असतो, म्हणून हा प्रश्न लांबवू नये.

आणि एक, बायकांना हे कुणी सांगतच नाही: 18 वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.