आमची कागदपत्रे कोणाच्या हातात?

पुणे-सोलापूर महामार्गावरील मोडनिंब हे माढा तालुक्यातील बाजाराचे गाव. दहावी-बारावीचे निकाल लागले की अशा गावांतील झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानांसमोर आमच्या मुलामुलींची रांग लागते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुक सगळे दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर जाते. पासवर्ड दुकानदारच ठरवतो आणि वहीत लिहून ठेवतो. ओटीपी आला की मुलगा तो मोठ्याने वाचून दाखवतो. अर्ज भरला जातो, पैसे दिले जातात, आणि कागदपत्रे मात्र त्या संगणकात तशीच पडून राहतात. दुकानदार बहुधा प्रामाणिकच असतो. पण त्याच्या संगणकावर उद्या कोण बसणार, हे त्यालाही ठाऊक नसते.

खासगीपणा हे श्रीमंतांचे चोचले, आपल्याकडे लपवण्यासारखे आहेच काय, असे आमचेच काही शिकलेले बांधव म्हणतात. त्यांनी बडोद्याची आठवण करावी. परदेशात उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांना जात लपवून पारशी धर्मशाळेत राहावे लागले. जात कळताच काठ्या घेतलेली माणसे समोर उभी ठाकली. एवढी एकच माहिती फुटली आणि डोक्यावरचे छप्पर गेले!

त्याच बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत हक्कांच्या यादीत एक मागणी घातली होती. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना विनाकारण झडती व जप्तीपासून संरक्षण असावे. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्यासारख्या कायदेपंडितांनी या कल्पनेला विरोध केला आणि ते कलम संविधानात आले नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी. मधली सत्तर वर्षे कोणाच्या खात्यावर मांडायची?

आता कागदपत्रे पेटीत नसतात, संगणकात असतात; आणि संगणकाच्या झडतीला दारावर थाप मारावी लागत नाही. भीमा कोरेगाव-एल्गार परिषद खटल्यात काय झाले पाहा. आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची तपासणी अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने केली. तिचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आला. १३ जून २०१६ रोजी ओळखीच्या माणसाच्या ईमेल खात्यावरून आलेली एक फाईल उघडली गेली, तीतून नेटवायर नावाचा हेरगिरीचा प्रोग्राम आत शिरला आणि सुमारे बावीस महिने तळ ठोकून बसला. पुरावा म्हणून पुढे केलेली दहा पत्रे याच वाटेने एका लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवली गेली, असे अहवाल म्हणतो. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबाबतही त्याच संस्थेने असाच निष्कर्ष काढला. हे अहवाल बचाव पक्षाच्या मागणीवरून झाले आणि एनआयएला ते मान्य नाहीत, हेही सांगितले पाहिजे. विल्सन यांना जामीन मिळाला तो जानेवारी २०२५ मध्ये, साडेसहा वर्षांच्या कैदेनंतर.

खेड्यातल्या कार्यकर्त्याला कोण एवढे हेरणार, असे कोणी म्हणेल. हेरणारा मोठाच असतो असे नाही. ओळखीच्या नावाने आलेली फाईल आधी फोन करून विचारल्याशिवाय उघडू नये, एवढी सवय तरी लागली पाहिजे. चळवळीच्या कार्यालयातल्या संगणकात पाचशे रुपयांत टाकून घेतलेली चोरीची विंडोज असते. विंडोज ७ चे संरक्षण २०२० साली बंद झाले, तरी ती अजून काही ठिकाणी चालूच आहे. कुलूप नसलेले कपाट आणि हा संगणक यांत फरक काय?

मुलांना एवढे शिकवावे: पासवर्ड स्वतः टाकावा, ओटीपी कोणाला वाचून दाखवू नये. जिथे चालत असेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार द्यावे. काम झाल्यावर दुकानदाराच्या फोनमधून आणि संगणकातून फाईल आपल्या डोळ्यांसमोर पुसून घ्यावी. यात लाजण्यासारखे काही नाही. अंगठ्यावर खात्यातले पैसे निघतात, म्हणून आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येते. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर, तितकी आशा कमी.

पण आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते ती आमच्याच व्हॉट्सॲप ग्रुपांची. ॲट्रॉसिटीची फिर्याद दाखल झाली की तासाभरात तिचा फोटो पन्नास ग्रुपांवर फिरतो: पीडितेचे नाव, पत्ता, साक्षीदारांची नावे, कधी मोबाईल नंबरसुद्धा. भावना चांगली असते, निषेध व्हावा म्हणून पाठवतात. पण २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्यात कलम १५अ आले. त्याखाली साक्षीदारांची नावे-पत्ते उघड न करण्याचा आदेश विशेष न्यायालय देऊ शकते. न्यायालयाकडून जे मागायचे, ते आपणच पहिल्या दिवशी उधळून टाकतो! दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये आरोपीचा भाऊबंद कोण आहे, हे ॲडमिनलाही सांगता येत नाही. फिर्यादीची प्रत वकिलाकडे आणि प्रकरण हाताळणाऱ्या दोन-तीन कार्यकर्त्यांकडेच असावी. निषेधाच्या निवेदनाला गावाचे नाव, गुन्ह्याची कलमे आणि तारीख पुरते.