स्पीकर घरी बांधायचा तर कोणता भाग कसा निवडायचा?

जुलै-ऑगस्टमध्ये इथे शनिवार-रविवार एसीतच काढावे लागतात. अशाच एका उन्हाळ्यात मी ठरवलं, की बाबांच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेलं गाणं ऐकायला स्पीकर स्वतः बांधायचे.

पहिली जोडी साफ फसली. ट्वीटर भारीतला मागवला आणि वूफर मोटार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातून उचलला. गायकाचा 'स' कानाला टोचायचा आणि डग्गा पत्र्याच्या डब्यासारखा वाजायचा. दोन्ही भाग धडधाकट होते, पण त्यांचं एकमेकांशी जमत नव्हतं. विजोड स्थळ म्हणा ना!

म्हणून सुरुवात दुकानापासून करू नका. आधी विचारा, ऐकायचं काय? काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज साधारण 139 हर्ट्‌झ. तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 हर्ट्‌झवर. स्पीकर 60 हर्ट्‌झच्या आसपास नीट पोचला, तर आपल्या बैठकीच्या गाण्याचं काम भागतं. त्याखालच्या दणक्यासाठी मोठं खोकं लागतं, आणि ते मग शेजाऱ्यांच्या भिंतीलाही ऐकू जातं.

आता वूफर. खोक्यावर छापलेले वॅट विसरा, सोबतचा तांत्रिक तक्ता मागा. त्यातले तीन आकडे महत्त्वाचे: एफएस, क्यूटीएस आणि व्हीएएस. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी 1961 साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात मांडलेलं हे गणित. या आकड्यांवरून कोणत्या वूफरला किती लिटरचं खोकं लागेल ते आधीच कळतं. समजा एफएस 40 हर्ट्‌झ, क्यूटीएस 0.45 आणि व्हीएएस 17 लिटर. बंद खोकं 12 लिटरचं केलं, तर आवाज साधारण 62 हर्ट्‌झपर्यंत उतरतो. म्हणजे आपला खर्ज आला! ज्या वूफरसोबत हा तक्ताच मिळत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. माझा मोटारीतला वूफर तसाच होता.

कडेची रिंग फोमची नको, रबराची घ्या. फोम काही वर्षांत झिजून सुटतो, आणि इथल्या दमट उन्हाळ्यात लवकरच.

खोक्याला 18 मिलिमीटरचा एमडीएफ चांगला. आतून 17, 22 आणि 32 सेंटिमीटर घेतलं की 12 लिटर होतात. ड्रॅगन मार्टच्या बांधकाम-साहित्याच्या भागात चौकशी करा, किंवा शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या सुताराकडून फळ्या मापात कापून घ्या. बाल्कनीत करवत चालवू नका. ती भुकटी श्वासात जाणं वाईट. कापलेल्या कडा दमट हवा पितात आणि फुगतात, म्हणून प्रायमर आतूनही लावा.

ट्वीटर निवडताना किंमत शेवटी बघा. वूफरपासून ट्वीटरकडे आवाज साधारण 2500 हर्ट्‌झला सोपवणार असाल, तर ट्वीटरचा एफएस त्याच्या निम्म्याहून कमी हवा. तो वूफरपेक्षा दोन-तीन डेसिबल मोठ्याने वाजत असेल तर चालेल, रेझिस्टरने खाली आणता येतो. उलट असेल तर पंचाईत.

खरा पैसा आणि डोकं लागतं ते क्रॉसओव्हरला. बाजारात तयार पाटी मिळते, '8 ओहम, 3000 हर्ट्‌झ' लिहिलेली. पण वूफरचा ओहम प्रत्येक सुराला बदलतो, त्यामुळे ती पाटी कुणालाच नीट बसत नाही.

आपण रेडिओवाले, म्हणून एक उदाहरण रेडिओचंच. सत्तरच्या दशकात बीबीसीच्या इंजिनियरांनी बाह्य-प्रक्षेपणाच्या गाडीत मावेल असा जेमतेम पाच लिटरचा स्पीकर तयार केला, एलएस 3/5ए. वूफर आणि ट्वीटर केईएफ कंपनीचे, तयार मिळणारे. मेहनत गेली ती क्रॉसओव्हरवर; प्रत्येक नगामागे ट्वीटरची पातळी जुळवून घ्यायची सोयसुद्धा त्यात होती. खोल खर्ज त्यातून येत नाही, पण माणसाचा आवाज खरा वाटतो, म्हणून आजही लोक तो शोधतात.

पहिल्या खेपेला माझं ऐका: कुणीतरी मोजून सिद्ध केलेला आराखडा घ्या आणि त्यातला एकही भाग बदलू नका. 'हाच, पण थोडा भारीतला' हा मोह टाळा. मागवताना वजन बघा. वूफरचं चुंबक जड, आणि कुरिअरवर इथे 5 टक्के सीमाशुल्क आणि 5 टक्के व्हॅट असं दोन्ही लागू शकतं.

जोडण्याआधी एक तपासणी. दीड व्होल्टचा सेल वूफरच्या तारांना क्षणभर लावा. अधिकाला अधिक लागलं की पडदा बाहेर सरकतो. दोन्ही वूफर एकाच दिशेने सरकायला हवेत, नाहीतर डग्गा हवेतच विरून जाईल. ट्वीटरला मात्र हा सेल लावू नका.